ज्योतिबा गुळव्याच्या नाकाची भरपाई

ज्योतिबा गुळव्याला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, नाक आणि ताठा. त्यातलं नाक सेहेचाळीस साली एका मालमोटारीच्या धक्क्यानं गेलं. ताठा जागच्या जागी राहिला आणि पुढचा सगळा घोटाळा त्या ताठ्यानं केला. नाक गेलं म्हणजे कापलं गेलं असं समजू नका. चेहऱ्यावर ते होतं तसंच होतं, चांगलं लांब आणि धारदार. त्यातून वास तेवढा येईनासा झाला.

गुळव्या म्हणजे कोण, हे चहात चमच्यानं साखर ढवळणाऱ्यांना सांगावं लागेल. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या लोखंडी काहिलीत तीन-चार तास उकळतो. काहिलीखाली चुलवण असतं आणि तिथं जाळव्या बसून वाळलेली चिपाडं आत सारत असतो. वर काहिलीच्या कडेला उभा असतो तो गुळव्या. मळी काढायची, जाळ कमी-जास्त करायला सांगायचं, आणि पाक नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. वीस आकडे मोजेपर्यंत आधी उतरला तर गूळ पाझरतो, वीस आकडे उशीर झाला तर करपतो. मधल्या त्या जराशा वेळेसाठी शेतकरी गुळव्याला मजुरी देतो, वर जेवण देतो आणि त्याच्या शिव्याही खातो.

बाकीचे गुळवे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघतात. ज्योतिबाला ते कमीपणाचं वाटायचं. "पान्यात गोळ्या खेळाय म्या काय शाळंतलं पोरगं हाय?" असं तो म्हणायचा. तो डोळे मिटून वाफेवर वाकायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि हात वर करायचा. "उतरवा!" चार गडी काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात पाक ओतायचे आणि त्या गुळाला सांगलीच्या पेठेत वरचा भाव मिळायचा. वाळवे तालुक्यातल्या आमच्या नांदरगावात पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. गावात त्याच्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा मला, म्हणजे गावच्या मास्तराला, कधीच मिळाला नाही. हे मी हेव्यानं म्हणतो असं कोणाला वाटलं तर ते बरोबरच आहे.

त्याच्या हाताखाली जाळव्या मात्र टिकत नसे. एका हंगामात तीन पळाले. चौथ्यानं चिपाडं सारायची काठीच चुलवणात फेकली आणि पलटणीत भरती झाला; ज्योतिबापेक्षा त्याला जपानी परवडले. मग ज्योतिबाची बायको साळूबाई हिनं नवी काठी घेतली आणि ती चुलवणापुढं बसली ती बसलीच. नवऱ्याच्या शिव्या तिला नव्या नव्हत्या. तिची वेगळी मजुरी कोणी धरली नाही. घरचीच बाई, असं सगळे म्हणत, आणि लाज वाटते पण सांगतो, मीही तसंच म्हणत होतो.

सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात ही दोघं बैलगाडीत बसून पलीकडच्या गावच्या गुऱ्हाळावर निघाली होती. सांगलीच्या सडकेला वळणावर मागून सयाजीची लॉरी आली. सयाजी लढाईत मोटारी चालवून नुकताच परतलेला गडी आणि लॉरीही लढाईतूनच लिलावात आलेली. दोघांनाही वळणावर थांबायची सवय नव्हती. लॉरीचा धक्का गाडीच्या चाकाला बसला. बैलांना खरचटलंसुद्धा नाही, साळूबाईच्या बांगड्या फुटल्या, आणि ज्योतिबा उडून मैलाच्या दगडावर डोक्याच्या मागच्या बाजूनं आपटला. खांद्याचं हाड मोडलं. लॉरीत गूळच होता. ढेपा फुटून सडकभर पसरल्या. ज्योतिबानं पडल्या पडल्या डोळे उघडले, नाकपुड्या फुलवल्या आणि म्हणाला, "कुनी केलाय ह्यो गूळ? करपलाय." एवढं बोलून त्याची शुद्ध हरपली. त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा वास, आणि तोही दुसऱ्याच्या बिघडलेल्या गुळाचा. या गोष्टीचं दुःख त्याला हाडापेक्षा जास्त झालं.

सयाजीनं त्याच लॉरीत घालून त्याला मिरजेला दवाखान्यात नेलं. माणूस दिलाचा चांगला. खाटेजवळ बसून त्यानं स्वतःच सांगितलं, "काका, माझ्या मालकानं लॉरीचा इमा उतरवलाय. गेल्या जुलैपास्नं कायदाच हाय. तुमी अर्ज करा, कंपनी भरपाई देती. माझी चूक हाय, म्या साक्षीला येतो." अशी साक्ष देणारा डायव्हर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

नाक गेल्याचं मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ज्योतिबा घरी आला आणि आठ दिवस बायकोशी भांडला. कालवणाला चव नाही, भाकरीला वास नाही, तुझ्या हाताला झालंय काय? साळूबाईनं मसाला बदलला, चूल बदलली, शेवटी शेजारणीकडून कालवण आणून वाढलं. त्यालाही त्यानं नाव ठेवलं. एके दिवशी ती पाण्याला गेली असताना चुलीवरचं दूध उतू गेलं, जळलं, त्याचा वास चार घरं सोडून माझ्यापर्यंत आला. ज्योतिबा चुलीशेजारीच पान लावत बसला होता. साळूबाई दारात आली, दुधाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि हातातली घागर तशीच धरून उंबऱ्यावरच बसली. तिला कळलं. आणि तिचा चेहरा बघून त्यालाही कळलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याच्या नाकाखाली हिंग धरला, लसूण धरला, अत्तर धरलं. ज्योतिबा प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाला. मग त्यांनी एक उग्र औषधाची बाटली धरली. ज्योतिबाच्या डोळ्यांना पाणी आलं. "वास न्हाई," तो म्हणाला, "पर झोंबतंय लय." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की झोंबायला वासाची गरज नसते, तरी लबाड माणूस या बाटलीलाही काही झालं नाही म्हणतो, झोंबलं म्हणाला म्हणजे हा खरा आहे. डोक्याला मार बसला की कधी कधी वास जातो आणि बहुधा परत येत नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

आता अर्ज लिहायचा तर तो मीच लिहिणार. ज्योतिबा शाळा सुटल्यावर आला, दार लोटलं आणि मला शाळेच्या घंटेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "मास्तर, कंपनीला लिवा नाक गेलं म्हनून. पर गावात ह्यातला सबूद फुटता कामा न्हाई. गावाला आपन सांगायचं, भरपाई खांद्याच्या हाडाची हाय."

"आणि गूळ कसा करणार?"

"ते आमचं आमी बगू."

ते कसं, हे मला महाशिवरात्रीच्या सुमारास कळलं. ज्योतिबा पुन्हा काहिलीवर उभा राहिला. डोळे मिटले, वाफेवर वाकला, हात वर केला, "उतरवा!" गूळ पहिल्यासारखाच, पिवळाधमक. मी थक्क झालो. तिसऱ्या दिवशी मी वर न बघता खाली बघितलं. वेळ आली की साळूबाई आपल्या काठीनं चुलवणाच्या कडेवर दोनदा ठोकत होती. काठीची राख झटकावी तसं. धुरात बसलेल्या बाईला पाकाचा वास येतो कसा, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "पाच वरसं धुरातच बसलीया. धूर वगळूनच वास येतोय आता."

म्हणजे अशी तऱ्हा होती. कंपनीच्या कागदावर ज्योतिबाला नाक नव्हतं आणि गावात त्याच्यासारखं नाक कोणाला नव्हतं. कंपनीला खरं वाटलं तर गावात त्याचं नाव जाणार, गावाचा विश्वास राहिला तर कंपनी पैसे नाकारणार. अशा दोन डगरींवर पाय ठेवलेल्या माणसाची शपथ मी घंटेवर घेऊन बसलो होतो. त्या वर्षी मला नीट जेवण गेलं नाही.

साताऱ्याला आमचा वकील, सांगलीला कंपनीची कचेरी. कागद जात-येत राहिले. कंपनीचं म्हणणं, वास काही मोजता येत नाही, आम्ही गावात चौकशी करणार. सत्तेचाळीसच्या मार्गशीर्षात कंपनीचे एक साहेब आमच्या गावी आले. काळी टोपी, धुतलेला कोट, हातात वही. बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला सावध राहायची आठवणच राहू नये.

ते येणार हे गावाला आदल्या दिवशी कळलं होतं आणि आमच्या लालासाहेबांनी पारावर सभाच भरवली होती. लालासाहेब म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे ऊसवाले. ते जन्मात कधी बैल विकताना फसले नव्हते आणि जगातला प्रत्येक व्यवहार बैलाचाच आहे अशी त्यांची खात्री होती. "ऐका रं," ते म्हणाले, "कंपनी दाम देनार, म्हंजी आधी जिन्नस बगनार. खरसुंडीच्या बाजारात बैल हुबा केला तर आपन त्याचं दात दावतो का खोड सांगतो? जेवडा गडी तालेवार, तेवडी भरपाई. ज्योतिबाचं कौतिक करताना कुनी हात आखडायचा न्हाई."

मी तिथंच बसलो होतो. ओरडावंसं वाटलं. पण घंटा आठवली.

साहेबांनी पारावर बसून वही उघडली आणि विचारलं, "हे ज्योतिबा गुळवे. अपघातानंतर काम कसं काय करतात?"

"कसं काय?" कृष्णात नावाचा ऊसवाला म्हणाला. तो सरळ माणूस, त्यानं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. "परवा सोमवारी माझ्या काहिलीवर हुतं. डोळं झाकलं, येक वास घेतला, उतरवा म्हनलं. पेठंत माझा गूळ पयला."

"एका वासावर?"

"साहेब," गुंडा नावाचा गडी पुढं सरसावला. याला खरं सांगायची सवयच नव्हती. "नदीपल्याड म्हस याली तर ह्यो गडी आल्याडनं वास घिऊन सांगतोय, रेडा झाला का रेडी."

साहेब लिहीत होते. म्हैससुद्धा लिहिली.

"हे अपघाताच्या आधीचं असेल?"

"छ्या छ्या!" लालासाहेब म्हणाले. "आदी एवडं न्हवतं. धक्का बसल्यापास्नं नाक लयच उघडलंय."

मला जोराचा ठसका लागला. लालासाहेबांनी खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातात ठेवला. "खावा मास्तर, ज्योतिबाच्याच हातचा हाय."

एवढ्यात खुद्द ज्योतिबा आला. आता निदान यानं तरी खांदा धरून कण्हावं की नाही? पण पंचवीस माणसं आपल्या नाकाची स्तुती करताहेत हे ऐकून त्याचं भान सुटलं. छाती पुढं आली, हात मिशीवर गेला. म्हशीची गोष्ट ऐकून तर तो नुसता हसला, नाही म्हणाला नाही. मी डोळे वटारले, पाय दाबला, काही उपयोग झाला नाही. कौतुकापुढं माणसाला स्वतःचा अर्जही आठवत नाही.

साहेबांनी वही मिटली. "उद्या सकाळी यांचा गूळ होताना बघता येईल का?"

"माझ्याच काहिलीवर या की!" लालासाहेब म्हणाले. "न्याहारीलाच या."

मी ज्योतिबाला दंडाला धरून घरी नेलं आणि दार लावून घेतलं. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की उद्या गूळ बरोबर उतरला तर भरपाई बुडाली आणि वर खोटा अर्ज केला म्हणून तू आणि लिहिला म्हणून मी, दोघांची साताऱ्याला वरात निघेल.

ज्योतिबानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मास्तर, भरपाई जाऊ द्या. अर्ज मागं घ्या, माफी मागा, काय करायचं ते करा. पर गावानं मला बिननाकाचा म्हनलेलं म्या ऐकनार न्हाई. गुळव्या म्हनून जगलो, तसाच मरनार." आणि बायकोला म्हणाला, "तू उद्या रोजच्यावानी ठोक."

साळूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमास्नी नाव पायजेल का पैका, ते तुमी ठरवा," ती म्हणाली. "माझं काय? मला दोन्ही न्हाई."

खरं सांगतो, मला खाली बघावंसं वाटलं. तीन पानी अर्ज मी लिहिला होता. हाड, नाक, गाडीचं चाक, औषधं, सगळं त्यात होतं. ज्या बाईच्या नाकावर वर्षभर हे घर चाललं होतं, तिचा एका ओळीतही उल्लेख नव्हता.

"मग उद्याचं काय?" मी विचारलं.

"सकाळी बगू," ती म्हणाली आणि सूप झटकलं.

सकाळी लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर सगळं गाव जमलं. गुळाचा भाव आणि ज्योतिबाचा भाव, दोन्ही चढताना बघायला. साहेब काहिलीजवळ उभे राहिले. साळूबाई खाली चुलवणापुढं बसून नेहमीसारखी चिपाडं सारत होती. ऊन वर आलं, रस तांबूस झाला, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस फुलायला लागला. गड्यांनी काहिलीच्या कड्यांत दांडे घातले. ज्योतिबानं डोळे मिटले आणि तो वाफेवर वाकला. एक लांब श्वास घेतला. आणि वाट बघू लागला.

मी दोघंही दिसतील असा उभा होतो. साळूबाईनं काठी उचलली. आता ठोकणार, असं मला वाटलं. तिनं ती भिंतीला टेकवून ठेवली. पदराला हात पुसले आणि चुलवणाच्या खड्ड्यातून चार पायऱ्या चढून वर आली. नवऱ्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "झाला. उतरवा आता."

ज्योतिबानं डोळे उघडले. गाव बघत होतं, साहेब बघत होते. तू खाली जा, एवढं म्हणाला असता तर त्या क्षणाला सगळ्यांना ते पटलंही असतं. मी मनात आकडे मोजायला लागलो होतो. सहा, सात, आठ. काहिलीत लालासाहेबांचा ऊस होता, आणि काही झालं तरी हा माणूस गुळव्या होता. अकराव्या आकड्याला त्यानं हात वर केला.

"उतरवा रं!" तो ओरडला. "साळूबाई म्हनत्यात, झाला."

त्या काळी आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नसे. 'आगं' आणि 'ऐकलंस का' यांवर जन्म जात. त्यातून 'म्हनत्यात' असं मानानं, आणि चारचौघांत! चारही गडी दांडे धरून तोंड उघडं टाकून उभे राहिले. शेवटी साळूबाईच खेकसली, "बगतासा काय? करपल की!" तेव्हा कुठं काहील हलली.

पाक वाफ्यात पडला. ज्योतिबा साहेबांकडं वळला. "साहेब, मला वास येत न्हाई. वरीस झालं. गावाला म्या सांगितलं न्हाई, मला लाज वाटली. ह्या वरसातला समदा गूळ हिच्या नाकाचा हाय. अर्ज खरा हाय, खोटा म्या हाय." मला माझा त्याच्यावरचा सगळा राग कुठं गेला ते कळलं नाही.

साहेबांनी वही उघडली आणि कालच्या पानावरची म्हैस शांतपणे खोडली. लालासाहेबांनी निवलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकला. "वरीसभर आमास्नी फशिवलंस व्हय?" असं म्हणून ते तो चघळत राहिले. मग साळूबाईकडं बघून म्हणाले, "गूळ तर पयल्यासारखाच हाय. बाई, उद्याची दुसरी काहील तुमीच बगा. मजुरी गुळव्याची घ्या."

ज्योतिबा चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी गुऱ्हाळावर आला, कोणाशी न बोलता खड्ड्यात उतरला आणि जाळव्याची काठी घेतली. त्या दिवशी साळूबाईनं त्याला तीनदा झापलं. जाळ फार, जाळ कमी, चिपाडं ओली. आजवर पळून गेलेल्या सगळ्या जाळव्यांचं उट्टं निघालं असेल.

साहेबांचा अहवाल सरळ गेला असावा, कारण कंपनीचं पत्र आलं की वास गेला हे मान्य. पण पुढं लिहिलं होतं की अर्जदाराच्या घरात येणारी मजुरी कमी झालेली नसल्यामुळं नुकसान झालेलं दिसत नाही. मी टोपी जमिनीवर आपटली. उत्तरात लिहिलं, "आपल्या मोटारीनं एकाचं नाक नेलं म्हणून दुसरीनं आपलं नाक कंपनीला फुकट वापरायला दिलेलं नाही." साताऱ्याच्या वकिलांनी ते वाक्य काढून टाकलं, याचा मला अजून राग आहे. त्यांनी लिहिलं की गुळव्याची मजुरी आता साळूबाईची स्वतःची आहे, अर्जदाराला मिळते ती जाळव्याची, आणि या दोहोंतला फरक हे त्याचं नुकसान. लालासाहेबांनी त्यावर लेखी साक्ष दिली. या वेळी बैलाची खोड सांगायची होती, तीही त्यांनी हात न आखडता सांगितली. ज्योतिबा जाळव्या म्हणूनसुद्धा लय वाईट हाय, असं त्यांनी स्वतःहून वाढवून लिहिलं.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीआधी कंपनी तडजोडीला आली. मागितले होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे मंजूर झाले. आम्ही तिघं सांगलीच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं पावती तयारच ठेवली होती. ज्योतिबानं अंगठ्याला शाई लावली आणि मला म्हणाला, "वाचा मास्तर, काय लिवलंय."

मी वाचलं. अर्जदार ज्योतिबा, राहणार नांदरगाव, धंदा गुळव्या.

"खोडा ते," ज्योतिबा म्हणाला. "म्या जाळव्या हाय."

कारकुनानं कपाळाला हात लावला. अर्जातला धंदाच इथं लिहिलाय, पैशात काही फरक पडत नाही, असं त्यानं समजावलं. ज्योतिबा हलेना. कारकुनानं 'गुळव्या' खोडून 'जाळव्या' लिहिलं. खोडताना मी ज्योतिबाच्या तोंडाकडं बघितलं नाही. मला बघवलं नाही.

"आन साक्षीदार?"

"साक्षीदार साळूबाई," मी वाचलं.

"तिचा धंदा?"

"साक्षीदाराच्या धंद्याला रकाना नसतो," कारकून म्हणाला.

ज्योतिबाचा शाईचा अंगठा कागदावर तसाच अधांतरी राहिला. "मग ऱ्हाऊ द्या पैसं," तो म्हणाला.

साळूबाईनं त्याची बाही ओढली. कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी त्यानं लेखणी बुडवली आणि कागदाच्या समासात बारीक, वाकड्या अक्षरांत दोन शब्द लिहिले.

समासात लिहिणाऱ्या पोरांना मी आजन्म छड्या मारत आलो आहे. त्या दिवशी तेवढी ओळ मी मोठ्यानं वाचून दाखवली. साळूबाई, धंदा गुळव्या. ज्योतिबा म्हणाला, पुन्हा एकदा वाचा. मी पुन्हा वाचली. मग त्यानं अंगठा टेकवला.